खळ्याच्या कडेची टिटवी

शेतकऱ्याच्या घराभोंवतीं जीं पाखरें नित्य वावरतात, त्यांच्याकडे त्याचें लक्ष बहुधा दोनच प्रसंगीं जातें. एक, कणसांत दाणा भरूं लागला म्हणजे. आणि दुसरा, एखादें पाखरूं अंगावर धांवून आलें म्हणजे. पहिल्या प्रसंगाचा, म्हणजे राखणीचा, अनुभव सर्वांसच आहे. दुसरा प्रसंग आमच्यावर सन २०२४ च्या मे महिन्यांत आला. त्यांत आमची थोडी फजिती झाली, आमची एक जुनी चूक आमच्या पदरांत पडली, आणि एक गोष्ट शिकावयास मिळाली. तिचा संबंध कुळवाच्या पाळीशीं व पेरणीच्या घातीशीं असल्यामुळें ती आपल्या सभासद बंधूंपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमची वस्ती मळ्यांतच आहे. घराच्या पाठीमागें गोठा, गोठ्यालगत बैलांच्या पाण्याची डोण, तिच्यापलीकडे खळें, आणि खळ्यास लागूनच एक एकराचें जिराईत शेत, असा क्रम आहे. घरापासून खळ्याची कड चाळीस पावलांहून अधिक नाहीं. शेताचा खळ्याकडील भाग किंचित् उंच व मुरमाड असून बाकीची जमीन मध्यम काळी आहे. नांगरट होऊन शेत उन्हांत तापत पडलें होतें. रोहिणी लागण्यापूर्वीं कुळवाची एक पाळी घालावी, अशा विचारानें ता. १६ मे रोजीं दिवस मावळण्याच्या सुमारास, ढेकळें कितपत फुटलीं आहेत हें पाहण्यासाठीं आम्ही एकटेच तिकडे गेलों.

खळें ओलांडून पांचसात पावलें गेलों असूं नसूं, तोंच समोरून एक टिटवी थेट आमच्या तोंडाच्या रोखानें आली. ती डोक्यावरून निघून गेली असें वाटतें न वाटतें, तोंच दुसरी मागून आली व तिच्या पंखांचा वारा उजव्या कानास लागला. 'टी-टी-टिट्वी' हा ओरडा आमच्या रोजच्या ऐकण्यांतला. पण तो शेताच्या पलीकडून ऐकणें निराळें आणि कानाच्या पाळीपाशीं ऐकणें निराळें. आम्हीं काठी उगारली, त्यासरशीं तीं पाखरें अधिकच चवताळलीं. एक वर चढते आहे तों दुसरी खालीं झेंप घेई. अखेर मान चुकवितांना पाय ढेकळांत अडखळला आणि टोपी एकीकडे व आम्ही एकीकडे, असे आम्ही जमिनीवर बसलों. पाव किलोहि वजन न भरणाऱ्या पाखरांच्या जोडीनें शेताच्या मालकास त्याच्याच शेतांतून हुसकावून लावलें, हें कबूल केलेंच पाहिजे. गोठ्याच्या दारांत उभे राहून आमचे जुने सालगडी हा सारा प्रकार पाहत होते. हंसूं आवरून ते इतकेंच म्हणाले, "मालक, तिथं अंडीं असतील तिचीं. उगं नाहीं अशी अंगावर येत ती."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे गोठ्याच्या भिंतीआड बसलों. घटका अर्धी घटका गेली. आमची चाहूल नाहींशी होतांच एक टिटवी तुरुतुरु चालत आली, मध्यें थांबली, एका जागीं अंडीं उबवीत असल्यासारखी बसली, पुन्हां उठली, आणि असें दोनतीनदां हुलकावणी देऊन शेवटीं निराळ्याच जागीं अंग फुलवून बसली. जागा हेरून ठेवून आम्ही तेथें गेलों. डोक्यावर दोघांचाहि आकांत चाललाच होता. घरटें म्हणावें असें तेथें कांहीं नव्हतें. जमिनीस एक वीतभर उथळ खळगा, त्याच्या कडेनें बारीक खडे व शेळीच्या चार लेंड्या, आणि मधोमध चार अंडीं. निमुळतीं टोकें आंत करून तीं भोंवऱ्यांसारखीं मांडलेलीं होतीं. मातकट रंगावर काळे डाग; मुरमांत तीं इतकीं मिसळून गेलीं होतीं कीं, नजर काढून पुन्हां पाहिल्यास शोधावीं लागत.

तेथें उभे असतांना गडी म्हणाले, "गेल्या सालीं हीच जागा होती, मालक. आपण कुळव घातला त्या दिवशीं."

तेव्हां आम्हांस आठवण झाली. सन २०२३ च्या मे महिन्यांत याच शेतांत पाळी घातल्यावर टिटव्यांनीं दोन दिवस व दोन रात्री घराभोंवतीं आक्रोश मांडला होता. रात्रीं टिटवी ओरडली म्हणजे घरांत कांहींतरी अशुभ घडतें, असा समज आमच्या मातोश्रींच्या मनांत लहानपणापासून बसलेला. त्यांच्या समाधानासाठीं आम्हींच रात्रीं उठून अंधारांत दगड भिरकावले होते. अशुभ घडलें होतें ही गोष्ट खरीच. पण तें टिटवीच्या घरीं घडलें होतें, आणि घडविणारे आम्ही होतों. औत चालविणाऱ्यास खालीं पाहण्याची सवड नव्हती आणि आम्हांस वर पाहण्याची बुद्धि झाली नव्हती.

ता. २० रोजीं कुळव जुंपला. आम्ही मुद्दाम बांधावर उभे राहिलों. बैल घरट्याच्या रोखानें येऊं लागले, तेव्हां एक टिटवी आकाशांत न उडतां जमिनीवरच त्यांच्या पुढें आली आणि दोन्ही पंख पसरून उभी राहिली. पंखांचा काळापांढरा पट्टा एकाएकीं समोर उघडतांच डाव्या अंगाचा बैल बुजून थबकला. माणसावर झेंप आणि गुरांपुढें पंख, असा शत्रूशत्रूंतला भेद हें पाखरूं करतें, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें. माणूस अंडीं उचलील, बैल तीं नकळत तुडवील. पहिल्यास भिवविलें पाहिजे, दुसऱ्यास नुसतें वळविलें तरी पुरे. गड्यांनीं कुळव उचलून बाजूनें काढला. घरट्यापासून चारी अंगांस पांच पांच फूट सोडून आम्हीं चार खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्या डोक्यांस पांढरी चिंधी बांधली.

पुढील तीन आठवड्यांत आम्हीं त्या जोडीवर नजर ठेवली. नर आणि मादी दिसण्यांत सारखींच; डोकें, गळा व छाती काळी, डोळ्यामागून खालीं उतरलेला पांढरा पट्टा, डोळ्यापुढें तांबडी लोळी, पाय पिवळे. अंडीं उबविण्याचें काम दोघेंहि पाळीपाळीनें करतात. भर दुपारीं जमीन तव्यासारखी तापे, तेव्हां घरट्यावर बसलेलें पाखरूं चोंच उघडी टाकून धापा टाकी. तथापि उठत नसे, कारण त्या वेळीं त्याचें काम ऊब देण्याचें नसून सावली देण्याचें असतें. एके दुपारीं एक टिटवी बैलांच्या डोणीपाशीं उतरली. डोणीची कड फुटून खालीं पाणी साचलेलें होतें. त्यांत ती पोट टेकवून बसली आणि पोटाचीं पिसें निथळत असतांनाच उडून सरळ घरट्यावर गेली. ओल्या पिसांनीं अंडीं गार ठेवण्याची ही रीत पक्षिशास्त्रज्ञांनीं नमूद केलेली आहे. पिलें झाल्यावर त्यांच्यासाठींहि पाणी अशाच रीतीनें नेलें जातें. हें आम्हीं घरीं सांगितलें, तेव्हां मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. परंतु दुसऱ्या दिवसापासून डोणीच्या खालीं पाण्यानें भरलेली एक परात दिसूं लागली, आणि तिच्यांतलें पाणी आटलें म्हणजे त्या स्वतः उठून ती भरूं लागल्या.

खरी कसोटी पुढेंच होती. सन २०२३ चा खरीप पावसाच्या ओढीनें गेलेला. त्यामुळें २०२४ च्या मृगाकडे आमच्या भागाचे डोळे लागले होते. मृग लागला आणि ता. ९ जूनच्या रात्रीं पाऊस चांगला झाला. ता. ११ रोजीं सायंकाळीं जमिनीस वाफसा आला. दुसऱ्या दिवशीं पाभर धरावयाची ठरली. बाजरी व तिच्यांत तुरीचे तास. आभाळ पुन्हां भरून येत होतें, म्हणजे आणखी एक जोराची सर येऊन घात साधण्याची संधि जाण्याचा संभव होता. इकडे अंडीं अजून फुटलीं नव्हतीं.

आमच्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, पाभर मध्येंच उचलली म्हणजे तास मोडतो, बैल बिचकतात आणि भरल्या आभाळाखालीं वेळ जातो. त्यापेक्षां अंडीं उचलून बांधावर ठेवावीं, पाखरूं तेथें जाऊन बसेल. चार अंड्यांसाठीं वर्षाच्या पेरणीचा खोळंबा करूं नये, हें त्यांचें बोलणें अवाजवी नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि मन डळमळलें. परंतु टिटवी अंडीं ओळखते त्याहून जागा अधिक ओळखते. एकदम दूर नेलेल्या अंड्यांवर ती बहुधा बसत नाहीं. कित्येक निरीक्षकांनीं घरटें थोडें थोडें सरकवून शेतकामाच्या वाटेंतून बाजूस नेलें आहे, पण त्यास दिवस लागतात आणि आमच्या हातीं एक रात्र होती. तेव्हां आम्हीं कंदिलाजवळ बसून हिशेब मांडला. तो येथें देतों, कारण शेतकऱ्याची दया हिशेबांत बसली तरच टिकते.

खुंट्यांमधील जागा १० फूट लांब व १० फूट रुंद, म्हणजे १०० चौरस फूट. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. तेव्हां ही जागा गुंठ्याचा दहावा हिस्साहि भरत नाहीं. एकराचे ४३,५६० चौरस फूट. त्या मानानें एकराचा सुमारें ४३५ वा भाग. एकरीं आठ क्विंटल बाजरी येईल असें धरलें, तरी या जागेचें पीक दोन किलोंच्या आंतच राहतें. चिरंजीवांनीं हिशेब दोनदां तपासला आणि म्हणाले, "एवढीच जागा व्हय? मग पाभर मीच धरतों. उचलायची कशी तें बघूं."

ता. १२ रोजीं पेरणी झाली. पाभर खुंटीपाशीं उचलून पलीकडच्या खुंटीपाशीं टेकविण्यांत चार तासांना मिळून कांहीं मिनिटेंच गेलीं. टिटव्या ओरडत होत्या; पण बैल पुढें सरकतांच एक पुन्हां जाऊन बसे. दुपारीं सर आली ती पेरणी उरकल्यावर. ता. १४ रोजीं सकाळीं मातोश्रींनीं आम्हांस हांक मारली. चार अंड्यांपैकीं तीन फुटलीं होतीं. एक तसेंच राहिलें. पिलें म्हणजे मातीच्या रंगाच्या कापसाच्या गोळ्यांस लांब पाय लावल्यासारखीं. घरट्यांत राहून चारा मागणारीं हीं पिलें नव्हत. अंग सुकतांच तीं चालूं लागलीं आणि आपलें खाद्य आपण टिपूं लागलीं. आईबापांचें काम राखणीचें. इशाऱ्याचा एक सूर निघतांच पिलें असतील तेथें जमिनीस चिकटून निश्चल होत, आणि मग पायाशीं असलेलें पिलूंहि दिसत नसे. दुसऱ्या दिवशीं सारें कुटुंब पलीकडच्या बांधाकडे निघून गेलें. ता. १६ रोजीं खुंट्या उपटून तो तुकडा आम्हीं हातानें टोकला. चार दिवसांचें अंतर पुढें पिकांत ओळखूंहि आलें नाहीं. म्हणजे दोन किलोंचा जो तोटा आम्हीं गृहीत धरला होता, तोहि झाला नाहीं.

टिटवीच्या अंडीं घालण्याचा काळ मुख्यतः मार्च ते ऑगस्ट असा आहे; म्हणजे आमची नांगरट, कुळवणी व पेरणी नेमकी त्याच काळांत येते. अंडीं बहुधा चार असतात आणि तीं फुटण्यास २८ ते ३० दिवस लागतात. मुंगूस, कावळा व घार यांच्या तावडींतून सुटलेलीं अंडीं औतापुढें सांपडतात. बैलांचें औत सावकाश चालतें व पाखरास पंख पसरून उभें राहण्यास अवसर मिळतो. ट्रॅक्टरपुढें तो मिळत नाहीं. यास्तव ज्यांच्या शेतांत यंत्रानें मशागत होते, त्यांच्यावर पाहून चालण्याची जबाबदारी अधिक आहे.

या पाखराचा आपणांस उपयोग काय, असा प्रश्न येईलच. टिटवीचें खाद्य मुख्यतः भुंगेरे, मुंग्या, वाळवी, अळ्या, नाकतोडे व गोगलगायी हें आहे. दाण्यावर ती क्वचितच जाते. संधिप्रकाशांत व चांदण्या रात्रींहि ती चरते. हिंदुस्थानांतील पक्ष्यांच्या खाद्याचा शेतीच्या दृष्टीनें मोठा अभ्यास पुसा येथील शेतकी संशोधनसंस्थेंत मेसन व लेफ्रॉय यांनीं केला व तो सन १९१२ मध्यें प्रसिद्ध झाला. पाखरूं शत्रु कीं मित्र हें त्याच्या पोटांतील अन्नावरून ठरवावें, ओरडण्यावरून नव्हे, ही दृष्टि त्यांत आहे. डॉ. सलीम अली यांच्या सन १९४१ च्या पुस्तकानें तीच दृष्टि सामान्य वाचकापर्यंत नेली. एका टिटवीनें शेतांतील हुमणी नाहींशी होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फुकट राबणारा, दाण्यास हात न लावणारा आणि रात्रींहि जागा असणारा राखणदार आपण होऊन घरालगत बिऱ्हाड करीत असेल, तर त्यास हुसकून लावण्यांत शहाणपण नाहीं. रात्रीं ती ओरडते, त्या अर्थीं कांहींतरी हिंडत आहे एवढें निश्चित समजावें. जून महिन्यांत तिच्या ओरडण्यावरूनच गडी एकदां बाहेर गेले, तों कोंबड्यांच्या खुराड्यापाशीं मुंगूस होतें.

टिटवीविषयीं समजुती पुष्कळ आहेत. आकाश कोसळूं नये म्हणून ती पाय वर करून निजते असें म्हणतात. तिनें अंडीं उंचवट्यावर घातलीं तर पाऊस फार, सखल जागीं घातलीं तर कमी, असेंहि म्हणतात. आमच्या येथील घरटें उंच मुरमाड भागांत होतें व त्या वर्षीं पाऊसहि बरा झाला. परंतु २०२३ मध्यें घरटें त्याच जागीं असून पावसानें ओढ दिली. तेव्हां यावरून पेरणीचा अंदाज कोणीं बांधूं नये. पाणी न सांचणारी व चहूंकडे नजर जाणारी जागा ती निवडते, इतकेंच खरें. पंचतंत्रांतील टिट्टिभाची गोष्ट मात्र सर्वांस ठाऊक आहे. समुद्रानें अंडीं नेलीं म्हणून तो समुद्र आटविण्यास निघाला, आणि अखेर गरुडाच्या व विष्णूच्या मध्यस्थीनें समुद्रास अंडीं परत द्यावीं लागलीं. लहानपणीं ती गोष्ट आम्हांस फुशारकीची वाटे. ढेकळांत पडून टोपी शोधीत असतां ती तशी वाटली नाहीं.

आतां सभासदांस विनंती एवढीच. मार्चपासून पुढें शेतांत औत घालण्यापूर्वीं एकदां सारें शेत चालून जावें. टिटवी जेथून उठते तेथें घरटें असतेंच असें नाहीं. दूर सरून आडोशास बसावें, म्हणजे तीच परत येऊन जागा दाखवील. घरटें सांपडलें म्हणजे चारी बाजूंस पांच फूट सोडून खुंट्या ठोकाव्या व ट्रॅक्टर चालविणाऱ्यास त्या आधीं दाखवाव्या. वारंवार पाहण्यास जाऊं नये. माणसाची वर्दळ पाहून कावळ्यास जागा कळते. अंडीं फुटेपर्यंत कुत्रें बांधून ठेवावें. मुलें अंडीं उचलणार नाहींत असें पाहावें. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत रानपाखरांचीं अंडीं फोडणें किंवा घरटें विस्कटणें हेंहि शिकारीच्याच व्याख्येंत घातलेलें आहे. आणि पाखरूं अंगावर आलें तर काठी न उगारतां खालीं पाहून दोन पावलें मागें सरावें.

सन २०२५ च्या मे महिन्यांत कुळव जुंपण्याच्या दिवशीं आम्ही गोठ्यांत पोंचलों, तों गडी आधींच शेत चालून परत येत होते. जुन्या चार खुंट्या त्यांच्या खाकेस होत्या. "अजून कुठं बसली नाहीं," ते म्हणाले, "पण जवळच आहे. काल रात्रीं ओरडत होती."